संस्था कार्यक्षम आहे, मग शेपटाचे सभासद नाराज का?

एका पाणी वापर संस्थेच्या, म्हणजे कालव्याचं पाणी घेऊन ते आपसात वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, सचिवांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या संस्थेने यंदाच्या रब्बीत, मिळालेल्या तेवढ्याच पाण्यात, गेल्या वर्षीपेक्षा जास्त क्षेत्र भिजवलं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची एक फेरी, बारा दिवसांचं होतं ते आठ दिवसांवर आणलं. पाणी सोडणारे, वाटणारे दोन पाटकरी होते, तिथे एकच ठेवला, त्यामुळे पगाराचा खर्च निम्म्यावर आला. तालुक्याच्या प्रशिक्षणात त्यांच्या संस्थेचं नाव घेऊन कौतुक झालं. आणि पुढच्याच महिन्यात वार्षिक सभेत शेपटाकडच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाकडच्या, सभासदांनी उभं राहून सांगितलं, की आम्ही यंदा पाणीपट्टी भरणार नाही. सचिव विचारतात: कार्यक्षमता आणि परिणामकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं प्रशिक्षणात ऐकलं, तो फरक नेमका काय? आमची संस्था कार्यक्षम म्हणायची की नाही? आणि आम्ही आधी कशाकडे बघायचं?

मी पाटबंधारे खात्यात तीसेक वर्षं काढली. शाखा अभियंता म्हणून कालव्यावर सुरुवात केली आणि निवृत्तीनंतरही पाणी वापर संस्थांबरोबरच फिरतो आहे. कारखाने, बँका, दवाखाने यांचा मला अनुभव नाही. त्यामुळे उत्तर चारीवरूनच, म्हणजे कालव्यातून शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावरूनच देतो. तुमचा प्रश्नही चारीवरचाच आहे.

शब्दांचा अर्थ लवकर उरकतो. आपण जे घातलं, पाणी, पैसा, माणसं, वेळ, त्याच्या मानाने किती निघालं, ही कार्यक्षमता. तो एक भागाकार आहे. ज्या कामासाठी संस्था काढली ते काम झालं का, ही परिणामकारकता. भागाकार तुम्ही कार्यालयात वहीवर करू शकता. काम झालं का हे बघायला मात्र कुणाच्या तरी बांधावर जावं लागतं. माझ्या मते सगळा घोळ इथून सुरू होतो. जे वहीत मोजता येतं ते रोज डोळ्यांसमोर असतं, आणि ज्यासाठी चार किलोमीटर चालावं लागतं ते हळूहळू नजरेआड होतं.

आता तुमच्या संस्थेकडे येऊ. मिळालेल्या पाण्यात जास्त क्षेत्र भिजलं, हे तुम्ही यश म्हणून सांगता. हा आकडा कसा वाढतो ते एकदा मांडून बघा. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, प्रवाह चोवीस तास चालला तर साधारण २,४४७ घनमीटर पाणी होतं. एका पाळीला, म्हणजे शेताला एकदा पाणी देताना, साडेसात सेंटिमीटर पाणी दिलं तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतं. आता समजा, तुमच्या चारीच्या तोंडाशी असलेल्या शेतात पोचेपर्यंत शंभरातलं पाचच पाणी वाटेत मुरतं, आणि शेपटाच्या शेतात पोचेपर्यंत पस्तीस मुरतं. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही मोजा. या हिशेबाने एका दिवसाच्या एका क्युसेकमध्ये तोंडाशी ३.१ हेक्टर, म्हणजे साधारण पावणेआठ एकर भिजतं. तेच पाणी शेपटाला नेलं तर २.१ हेक्टर, म्हणजे सव्वापाच एकरच भिजतं.

यातून काय निघतं बघा. शेपटाला सोडलेला प्रत्येक क्युसेक तुमचा भागाकार खाली ओढतो. तो आकडा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शेपटाला पाणी कमी देणं. कुणी मुद्दाम तसं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. तुमच्या संचालक मंडळाने तर नक्कीच ठरवलं नसेल. पण आकडा वाढवायचा म्हणून जे जे निर्णय होतात, ते उतारावरच्या पाण्यासारखे आपोआप त्याच बाजूला वाहतात. गळती कमी करण्यासाठी अस्तरीकरण करा, म्हणजे चारीला आतून पक्कं अस्तर लावा, चारी साफ करा, फुटके दरवाजे बदला, यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसा आणि कष्ट लागतात. शेवटच्या सभासदांकडे पाणी पोचलं नाही तर मात्र आकडा फुकटात सुधारतो. असा फुकटात सुधारलेला आकडा दिसला, की त्याचं मोल कुणी चुकवलं हे आधी शोधायचं, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

ही सवय मला एका शेतकरी बाईंनी लावली. नोकरीची पहिलीच काही वर्षं होती. एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावर माझी शाखा होती आणि त्या रब्बीत ठरवून दिलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्त क्षेत्र भिजल्याची नोंद माझ्या शाखेत झाली होती. वरिष्ठांनी बैठकीत नाव घेतलं. मलाही अभिमान वाटला, आणि त्यात काही गैर नव्हतं, मी खरोखर राबलो होतो. नंतर मोजणीदाराबरोबर शेपटाच्या चारीवर गेलो तेव्हा एक वयस्क बाई गव्हाच्या वावरात उभ्या होत्या. मी विचारलं, "मावशी, पाणी मिळालं ना?" त्या म्हणाल्या, "मिळालं की साहेब. तुमच्या वहीत लिहिल्यालं बी असंल. या, बघा." त्यांनी गहू हातात धरून दाखवला. फुटवे नाहीत, ओंबी बोटाएवढी. पेरणीनंतर पहिलं पाणी त्यांना चौतिसाव्या दिवशी मिळालं होतं.

गव्हाला पहिलं पाणी अठरा ते एकवीस दिवसांच्या दरम्यान लागतं. मुकुटमुळं फुटण्याचा तो काळ असतो. त्यानंतर कांडी धरताना चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, फुलोऱ्यात साठ ते पासष्ट दिवसांनी आणि दाणा भरताना ऐंशी ते पंच्याऐंशी दिवसांनी. पाणी कमी असेल आणि दोनच पाळ्या मिळणार असतील, तर पहिली विसाव्या-बाविसाव्या दिवसाच्या आसपास आणि दुसरी साठ ते पासष्टच्या दरम्यान द्यावी, असं कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मावशींच्या वावरात पडलेलं पाणी घनमीटरमध्ये पुरेसं होतं. माझ्या नोंदीत त्यांचं क्षेत्र 'सिंचित' होतं आणि ती नोंद खोटी नव्हती. पण त्या पाण्याने गहू झाला नाही. माझी शाखा कार्यक्षम होती, आणि त्या चारीपुरती तिने काहीच साधलं नव्हतं. हा फरक मला तिथे, त्या बांधावर कळला. त्याआधी मला तो परीक्षेच्या उत्तरापुरता येत होता.

म्हणून तुमच्या तीन निर्णयांकडे मी त्या बांधावरून बघतो.

आवर्तन आठ दिवसांवर आणणं हे तंत्र म्हणून चुकीचं नाही, उलट चांगलं आहे. मोठा विसर्ग, म्हणजे प्रवाह, कमी दिवस चालवला की चारी कमी दिवस ओली राहते आणि पाझर कमी होतो. खात्यात आम्हीही हेच शिकलो. पण त्याला एक अट आहे: चारीला तेवढा विसर्ग वाहून नेता आला पाहिजे. गाळ साठलेल्या, कडेला गवत वाढलेल्या, मध्येच गुरांनी काठ पाडलेल्या चारीत जास्त पाणी सोडलं तर ते मधल्या भागातच काठावरून सांडतं. सांडलेलं पाणी माथ्याच्या, म्हणजे चारीच्या तोंडाकडच्या, आणि मधल्या शेतात जातं, तिथे क्षेत्र भिजल्याची नोंद होते आणि तुमचा आकडा पुन्हा वाढतो! शिवाय कोरडी चारी भरून शेपटापर्यंत धार लागायला जो वेळ जातो तो बारा दिवसांतही तेवढाच आणि आठ दिवसांतही जवळपास तेवढाच. म्हणजे दिवस कापले गेले ते शेवटच्या लोकांच्या वाट्याचे. आधी गाळ काढून, काठ बांधून मग आवर्तन आखूड केलं असतं, तर मी तुमचं कौतुकच केलं असतं.

पाटकऱ्याचा निर्णय मला जास्त खटकतो. दिवसा बघितलं तर एका चारीवर दोन पाटकरी जास्तच वाटतात. एक जण दरवाजा उघडून देतो आणि तास-दोन तास बांधावर बसून राहतो. हिशेबनीसाच्या नजरेला तो रिकामा दिसतो. पण आवर्तन रात्रीही चालतं. माथ्याच्या शेतकऱ्याने पाळी संपल्यावर दार बंद केलं नाही तर ते रात्री दोन वाजता कोण बंद करणार? दिवसभर राबलेला एकटा पाटकरी रात्री सगळी चारी फिरू शकत नाही, आणि त्याने ते करावं अशी अपेक्षाही माणुसकीला धरून नाही. दुसऱ्या पाटकऱ्याचा पगार तुमच्या जमाखर्चात वाचला हे खरं आहे. पण तो खर्च नाहीसा झाला नाही. रात्री कंदील घेऊन, नाहीतर हल्ली मोबाईलच्या उजेडात, चारीवर जाऊन बसणाऱ्या शेपटाच्या शेतकऱ्यावर तो गेला. त्याच्या त्या जागरणाची मजुरी तुमच्या वहीत कुठल्याच खात्यावर नाही.

संस्थेची कार्यक्षमता मोजताना मी नेहमी विचारतो, की मोजमाप कुठे थांबवलं? तुम्ही ते संस्थेच्या दारापाशी थांबवलंत. दारापलीकडे सभासदाने काय सोसलं, ते भागाकारात आलंच नाही. खात्यात आम्ही तरी वेगळं काय करत होतो? कालव्यातून लघुवितरिकेच्या, म्हणजे छोट्या फाट्याच्या, तोंडाशी पाणी मोजून दिलं की आमचं काम संपलं, असं आम्ही मानायचो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगतो, कारण इथे मी सरसकट उत्तर दिलं तर तुमचं नुकसान होईल.

पहिली गोष्ट वर्षाची. धरण भरलेलं असताना आणि धरणात तिसरा हिस्सा पाणी असताना एकच नियम चालत नाही. टंचाईच्या वर्षी थेंबाचा हिशेब हाच परिणाम असतो. तेव्हा काटकसर केली नाही तर कुणाचंच पीक हाती लागत नाही. पण नेमकं त्याच वर्षी काटकसरीचा भार कुणावर टाकायचा हे आधी ठरवलं नाही, तर तो आपसूक शेपटावर पडतो. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत आपल्या पूर्वजांनी हे फार शहाणपणाने सोडवलं होतं. बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये, वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. झळ लागली तर सगळ्यांना लागते, आणि जे फड भिजवायचे ते सलग असल्यामुळे पाणी वायाही कमी जातं. पाटकरी आणि जागल्या, म्हणजे राखणदार, गावाने नेमलेले, त्यांचं मानधनही शेतकऱ्यांनीच द्यायचं. मी पहिल्यांदा ही व्यवस्था नीट समजून घेतली तेव्हा थक्क झालो. कार्यक्षमता आणि न्याय यांची ओढाताण त्यांनी पाण्याच्या वाटपात सोडवली नव्हती. ती जमिनीच्या वाटणीतच सोडवून टाकली होती, म्हणून दरवर्षी भांडावं लागत नव्हतं. आज तुमच्या चारीवर तशी जमीन वाटता येणार नाही. पण टंचाईच्या वर्षी प्रत्येक सभासदाला किती एकरांसाठी पाणी, हे पहिलं आवर्तन सुटायच्या आधी सभेत ठरवून भिंतीवर लावणं तुमच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची आणि विहिरींची. चारीतून मुरलेलं पाणी म्हणजे नेहमी तोटाच असतो असं नाही. खालच्या बाजूला विहिरी असतील आणि खडक पाणी धरणारा असेल, तर आज जी गळती दिसते ती एप्रिलमध्ये कुणाच्या तरी विहिरीतून वर येते. काही ठिकाणी कालव्याचं अस्तरीकरण झाल्यावर वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरून जाणारं पाणी, कमी झाला, कागदावर कार्यक्षमता वाढली आणि कालव्याकाठच्या विहिरी लवकर आटायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाचं उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. तिथे ओझरकडच्या शेपटाच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र केलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था शेपटाला उभ्या राहिल्या. त्यांनी कालव्याच्या पाण्याबरोबर विहिरींचाही विचार केला. नाल्यांत पाणी सोडून ते बंधाऱ्यांवर अडवायचं, जिरवायचं आणि पुढे विहिरीतून घ्यायचं. कालव्याच्या वहीत बघितलं तर नाल्यात सोडलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. पण ज्याची द्राक्षबाग मे महिन्यात त्या विहिरीवर जगली, त्याला विचारा. पुढे संपूर्ण प्रकल्पावर संस्था उभ्या राहिल्या, त्याची सुरुवात शेपटाकडून झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरी गोष्ट अशी, की 'परिणाम' कशाला म्हणायचं हे सगळीकडे सारखं नसतं, ते माणसांनी ठरवायचं असतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला, माणशी अर्ध्या एकराचं पाणी. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि उसाला बंदी केली. दर घनमीटरमागे किती रुपयांचं उत्पन्न निघालं, एवढाच निकष लावला असता तर कदाचित दुसरी रचना जास्त गुण मिळवून गेली असती. पण त्यांनी आधी ठरवलं, की गावातलं प्रत्येक कुटुंब जगलं पाहिजे. मग त्या ठरलेल्या गोष्टीसाठी पाण्याचा थेंबन्‌थेंब जपला. क्रम बघा. आधी कशासाठी, मग किती कमीत. तुमच्या संस्थेत हा क्रम उलटा झाला असावा अशी मला शंका आहे. किती कमीत, हे प्रशिक्षणातून आलं. कशासाठी, हे सभेत कधी बोललंच गेलं नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुमचे शेपटाचे सभासद माझं उत्तर दाखवून म्हणतील की खर्चाचं काही बघू नका. मी एक संस्था जवळून बघितली आहे, तिचं नाव सांगत नाही. तिथले अध्यक्ष अतिशय सज्जन. कुणाचंही पीक वाळू द्यायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. कुणी तक्रार केली की आवर्तन दोन दिवस वाढवायचं, मोजमापाच्या फ्लूमवरची, म्हणजे प्रवाह मोजायला चारीत बांधलेल्या अरुंद नाळेवरची, पट्टी वाचायची नाही, थकलेली पाणीपट्टी मागायची नाही. तीन हंगाम सगळे खूश होते. चौथ्या हंगामात संस्थेच्या वाट्याचा पाण्याचा कोटा दोन पाळ्यांतच संपला, आणि चारी फुटली तेव्हा दुरुस्तीला शिल्लक नव्हती. त्या वर्षी पीक वाळलं, आणि वाळलं ते शेपटाचंच. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. उधळपट्टीने साधलेला परिणाम टिकत नाही. म्हणून तुम्ही खर्च कमी केलात, मोजमाप नीट ठेवलंत, याचं मोल मला कमी लेखायचं नाही. ज्या संस्थेला मोजायची सवय आहे तिची दिशा सुधारता येते. जिथे मोजतच नाहीत, तिथे मला पहिली दोन वर्षं पट्टी वाचायला शिकवण्यातच घालवावी लागतात.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमची संस्था तुमच्या मोजमापाप्रमाणे कार्यक्षम आहे. पण ते मोजमाप संस्थेच्या दारापाशी थांबतं, माथ्याकडे झुकतं आणि पाणी कधी मिळालं हे विचारत नाही. संस्था ज्यासाठी काढली ते काम चारीच्या निम्म्या लांबीपर्यंत झालं, पुढे झालं नाही. शेपटाचे सभासद पाणीपट्टी नाकारतात ती आडमुठेपणाने नाही. आमच्यापुरता परिणाम झाला नाही, हे ते त्यांच्या हातात असलेल्या एकमेव मार्गाने सांगताहेत.

मग काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या हंगामाची तयारी शेवटच्या आउटलेटपासून, म्हणजे चारीतून शेतांकडे पाणी काढणाऱ्या शेवटच्या दारापासून, सुरू केली असती. तिथे पाण्याची उंची दाखवणारी एक पट्टी बसवा. खर्च किरकोळ आहे. आवर्तन चालू असताना रोज सकाळ-संध्याकाळ ती पट्टी शेपटाच्याच एखाद्या सभासदाने वाचायची आणि संस्थेच्या गटावर फोटो टाकायचा. तोंडाशी पट्टी तुम्ही वाचताच. दोन आकडे शेजारी आले की गळती कुठे आणि किती, हे अंदाजाने बोलायची गरज उरत नाही. मधल्या दोन-तीन आउटलेटवरही एकेक दिवस मोजलं तर नेमका कुठला पट्टा पाणी खातो ते कळतं, आणि गाळ काढायचा पैसा तिथेच लावता येतो. खरी कार्यक्षमता इथून वाढते.

दुसरं, पाण्याच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा. नाव, गट नंबर, क्षेत्र, तास हे असतंच. त्यापुढे लिहा: पेरणीनंतर कितव्या दिवशी पाणी मिळालं. एवढा एक रकाना माझ्या काळात असता तर मावशींच्या वावरात जायच्या आधीच मला चूक दिसली असती. गव्हाला पहिली पाळी पंचवीस दिवसांच्या आत किती जणांना मिळाली, आणि त्यात शेपटाचे किती, हा आकडा तुम्ही सभेत वाचून दाखवा. जास्त क्षेत्र भिजलं या आकड्यापेक्षा लोक तो जास्त कान देऊन ऐकतील. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या बेंचमार्किंगमध्येही, म्हणजे प्रकल्पांच्या कामगिरीच्या तुलनेतही, माथा, मध्य आणि शेपूट यांची तुलना करणारा निर्देशक आहे, म्हणजे ही माझी एकट्याची कल्पना नाही. २००५ च्या, सिंचन पद्धतींचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या कायद्यात घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी आणि पीक निवडीचं स्वातंत्र्य तर दिलंच आहे, पण संचालक मंडळात माथा, मध्य आणि शेपूट तिन्हीकडच्यांना सारखं स्थान ठेवलं आहे. तुमच्या मंडळात शेपटाचे संचालक आहेत ना? आठ दिवसांचं आवर्तन ठरलं त्या बैठकीला ते हजर होते का, हे इतिवृत्त काढून बघा. मला वाटतं तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्या एका पानावर असेल.

तिसरं, पाळी शेपटाकडून माथ्याकडे चालवा. नियम म्हणून तुम्हाला तो माहीत आहे, पाळला जातो का हा प्रश्न आहे. माथ्याचे लोक म्हणतील, आमच्या दारावरून पाणी जातं आणि आम्ही बघत बसायचं? त्यांना सांगा, शेवटच्या शेताची पाळी झाली की तुमची पाळी निवांत होईल, मागून कुणी भांडायला येणार नाही. पहिल्या आवर्तनाला कुरबुर होते. दुसऱ्याला कमी होते. तिसऱ्याला, माझा अनुभव आहे, माथ्याचेच लोक म्हणतात की रात्रीची राखण वाचली.

दुसरा पाटकरी वर्षभर नको असेल तर नका ठेवू, पण आवर्तनाच्या दिवसांत रात्रीसाठी एक माणूस ठेवाच. तो निम्मा वेळ बसून असेल. बसू द्या. तो तिथे आहे म्हणून दार उघडं राहत नाही, हेच त्याचं काम. कुठल्याही कामात थोडी सैल जागा लागते, ती सगळी आवळली की पहिल्या धक्क्याला काम मोडतं. ती सैल जागा किती ठेवायची याला सूत्र नाही. तुमच्या चारीची लांबी, दारांची अवस्था, गावातले संबंध यावरून ते ठरेल. गावात एकोपा असेल तर रात्रीचा माणूस लागणारही नाही. सध्या तुमच्याकडे तो एकोपा दिसत नाही, म्हणून लागेल.

ठिबकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रशिक्षणात ते सांगितलं असेलच. ठिबक उत्तम आहे. फक्त आधी एक ठरवा, की वाचलेलं पाणी कुणाचं? माथ्याच्या शेतकऱ्याने ठिबक घालून पाणी वाचवलं आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर त्याच्या शेताची कार्यक्षमता वाढली आणि शेपटाला पोचणारं पाणी तेवढंच राहिलं किंवा घटलं. घनमीटरचा कोटा सभासदवार ठरलेला असेल तरच ठिबकाचा फायदा चारीला होतो.

आणि पाणीपट्टीचं. ज्यांना वेळेवर पाणी मिळालं नाही त्यांच्याकडून यंदा पूर्ण वसुलीचा आग्रह धरू नका. किती पाळ्या मिळाल्या, कितव्या दिवशी मिळाल्या, हे त्यांच्यासमोर बसून लिहा आणि त्या प्रमाणात आकारणी करायचा ठराव मांडा. संस्थेचं थोडं उत्पन्न बुडेल, वसुलीचा टक्का खाली येईल, पुढच्या प्रशिक्षणात कदाचित तुमचं नाव घेतलं जाणार नाही. तरी करा. सभा कार्यालयात न घेता शेवटच्या आउटलेटपाशी घ्या, जमलं तर आवर्तन चालू असताना, म्हणजे पट्टीवर किती पाणी आहे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसेल. माथ्याच्या सभासदांना ट्रॉलीत बसवून तिथपर्यंत घेऊन या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी चारीचं ते टोक कित्येक वर्षांत पाहिलेलं नसतं.

पहिल्या आवर्तनातले तोंडाचे आणि शेपटाचे पट्टीचे आकडे हाताशी आले की पाठवा. चारीची लांबी आणि आउटलेटची संख्याही कळवा, मग गाळ कुठून काढायला घ्यायचा ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.